आजीला बोलता येत नाही, पण आरती येते: मग मेंदू शिकायचा कुठून?

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही लिहिलंय की सोलापुरातच मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहात. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवण, अमिग्डाला म्हणजे भीती, सेरेबेलम म्हणजे तोल, ही यादी तोंडपाठ झाली, पण हे सगळे मिळून काम कसं करतात ते डोक्यात शिरत नाही. आणि घरी आजी आहे. पाच महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू लुळी पडली, डॉक्टरांनी ‘डाव्या मेंदूतला बोलण्याचा भाग गेला’ असं सांगितलं. आजीला साधं पाणी मागता येत नाही. पण संध्याकाळी घरात आरती सुरू झाली की ती सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत म्हणते. बोलण्याचा भागच गेला असेल तर आरती कुठून येते, असा तुमचा सवाल आहे. आजी शहराच्या पूर्व भागातली, आयुष्यभर विड्या वळलेली, घरात तेलुगू बोलणारी, हेही तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीने ते फार महत्त्वाचं आहे, पुढे त्यावर येते.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. अटॅकनंतर बोलणं गेलेले, अडखळलेले, गिळायला त्रास होणारे पेशंट हेच माझं रोजचं काम. तेव्हा मेंदूच्या संशोधकाचं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही, बिघडलेल्या मेंदूंकडे बघून जे समजलं ते सांगते.

आधी जे इथे बसून सांगता येत नाही ते सांगते. आजीचा एमआरआय मी पाहिलेला नाही. नुकसान वरच्या थरापुरतं आहे की खोलवर गेलंय, हे त्यावर दिसतं आणि पुढचं बरंचसं त्यावर ठरतं. आजी उजव्या हाताची का डावखुरी, हाही मुद्दा आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्या शंभरातल्या नव्वदहून जास्त माणसांत भाषा मुख्यतः डाव्या बाजूला असते. डावखुऱ्यांतही बहुतेकांची तशीच असते, पण अपवाद जास्त. ऐकू नीट येतं का, आधी लिहिता-वाचता येत होतं का, शुगर-बीपी आटोक्यात आहे का, घरात तिच्याशी दिवसातून कितीदा कोणी बोलतं, या सगळ्याने फरक पडतो. सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत सगळ्यात वेगाने होते. नंतर वेग मंदावतो, पण दार बंद होत नाही.

आता तुमच्या अडचणीकडे वळते. एकत्र काम कसं चालतं हे समजत नाही असं तुम्हाला वाटतंय, पण गाडी त्याच्या आधीच अडली आहे. ‘एक भाग, एक काम’ अशी यादी पाठ केली की प्रत्येक भाग स्वतःपुरतं काम उरकून बसलाय असं चित्र डोक्यात पक्कं होतं. मग त्यांना जोडायचं कशाने? यादीत जोडायला जागाच नाही.

ही यादी आली कुठून ते बघा. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनकडे लेबोर्न नावाचा पेशंट आला. वीसेक वर्षं त्याच्या तोंडून ‘टॅन’ याशिवाय दुसरा आवाज निघत नव्हता, म्हणून दवाखान्यात सगळे त्याला टॅनच म्हणायचे. काही दिवसांत तो वारला. ब्रोकाने मेंदू काढून पाहिला, तर कपाळामागच्या भागात, डाव्या बाजूला, खालच्या अंगाला तो खराब झालेला होता. तेव्हापासून ती जागा ‘ब्रोकाचा भाग’ आणि बोलणं तिथे, असं पुस्तकात बसलं. 1874 साली कार्ल वेर्निकेने डाव्या कानाच्या वर-मागच्या बाजूची जागा समजण्याशी जोडली. यादी वाढत गेली.

पण त्याच लेबोर्नबद्दल ब्रोकाने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. ती पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. हा माणूस फार संतापला की त्याच्या तोंडून एक धड शिवी बाहेर पडायची. म्हणजे तुमच्या आजीच्या आरतीचा भाऊबंद दीडशे वर्षांपूर्वीच नोंदवलेला आहे. दुसरं असं की लेबोर्नचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला होता. 2007 साली संशोधकांनी त्याचा एमआरआय काढला, तेव्हा दिसलं की नुकसान वरच्या त्या एका जागेपुरतं नव्हतंच. ते खूप आत, वेगवेगळे भाग जोडणाऱ्या तंतूंपर्यंत पोचलं होतं. ब्रोकाने मेंदू चिरला नव्हता, त्यामुळे त्याला ते दिसलं नाही.

आडवा धागा तुटला की यंत्रमाग थांबतो. म्हणून कापड त्या धाग्यात तयार होत होतं, असं आपल्या सोलापुरात कोणी म्हणणार नाही. मेंदूच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसंही सर्रास तसं म्हणतात. एखादी जागा खराब झाल्यावर एखादं काम बंद पडलं, तर त्यातून एवढंच कळतं की त्या कामाला ती जागा लागत होती. आणखी काय काय लागत होतं, ते तिथून कळत नाही.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना भागांची यादी बाजूला ठेवायला सांगते आणि एक काम निवडायला लावते. एकच काम घ्यायचं, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्या मागे चालत जायचं. मग ते काम किती वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडू शकतं ते बघायचं. तुमच्या घरात तर सुरेख काम आहे: विडी वळणं.

आजीला विड्या वळताना तुम्ही लहानपणी पाहिलंच असेल. मांडीवर सूप, त्यात भिजवून मऊ केलेली, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापलेली तेंदूची पानं, बाजूला तंबाखू. पान उचललं, तंबाखूची चिमूट टाकली, बोटांनी पसरली, वळलं, तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला, विडी सुपात. आणि हे सगळं करताना बाई शेजारणीशी सुनेबद्दल बोलतेय. हाताकडे लक्षही नाही.

आता आत काय चाललंय ते बघू. पान बोटांना लागलं की स्पर्शाची खबर मज्जारज्जूतून वर चढते, मेंदूच्या देठाशी बाजू बदलते, थॅलॅमस नावाच्या खोल आतल्या ठाण्यात थांबा घेते आणि उजव्या हाताची खबर डाव्या पॅरायटल म्हणजे माथ्याजवळच्या भागाच्या स्पर्शपट्टीत पोचते. पान कुठे आहे हे डोळ्यांकडून मेंदूच्या अगदी मागच्या भागात जातं. तिथून वरच्या वाटेने पुढे सरकतं, कारण हात किती लांब न्यायचा, बोटं किती उघडायची हे त्या वाटेवर ठरतं. ‘आता वळायचं, मग दुमडायचं’ हा क्रम कपाळामागच्या भागात मांडला जातो. पण वर्षानुवर्षं वळल्यावर तो क्रम आख्खाच्या आख्खा एक घास होऊन जातो. तो सुरू करणं, मधे दुसरं काही घुसू न देणं, पुढच्या पायरीला वाट मोकळी करणं, यात खोल आतल्या बेसल गँग्लिया नावाच्या गाठींचा मोठा हात असतो. हुकूम निघतो मोटर कॉर्टेक्समधून, म्हणजे हालचाली घडवणाऱ्या पट्टीतून. त्यातले बहुतेक तंतू देठाच्या खालच्या टोकाशी पलीकडे जातात, म्हणून डावा मेंदू उजवा हात चालवतो. आणि हुकमाची एक नक्कल लहान मेंदूकडे म्हणजे सेरेबेलमकडे जाते. व्हायला काय हवं होतं आणि होतंय काय, हे तो क्षणाक्षणाला ताडून बघतो. पान बोटातून निसटायला लागलं तर पकड घट्ट होते, तीही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. विडीवाल्या बाईला ते कळतही नाही.

नाव ‘लहान मेंदू’, पण माणसाच्या मेंदूतल्या सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी 6,900 कोटींच्या आसपास एकट्या सेरेबेलममध्ये आहेत. ही मोजणी 2009 साली झाली. एवढ्या पेशी नुसता तोल सांभाळायला कशाला लागतील, हा प्रश्न तुमच्या यादीला जरूर विचारा.

आता हेच काम बिघडवून बघू. मेंदू मला कळला तो इथूनच.

मोटर कॉर्टेक्स किंवा तिथून निघालेली वाट गेली, तर हातच लुळा. आजीचं बहुधा तेच झालंय. स्पर्शपट्टीचं नुकसान झालं तर हातात जोर असतो, पण नजर हटली की पान गळून पडतं, कारण हातात काही आहे ही खबरच पोचत नाही. सेरेबेलमची एक बाजू गेली तर त्याच बाजूचा हात पानाजवळ जाता जाता थरथरतो, पुढे निघून जातो, तंबाखू सांडते. जोर शाबूत, स्पर्श शाबूत, फक्त नेम चुकतो. पार्किन्सनमध्ये बेसल गँग्लियाला डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन कमी पडतं. मग सगळ्या पायऱ्या येतात, पण हालचाली बारीक आणि सावकाश होत जातात, सुरुवात करायलाच वेळ लागतो. अशा माणसाला बाहेरून ताल दिला किंवा जमिनीवर पट्ट्या आखून दिल्या की बरेचदा पाऊल सुटतं. हे नीट लक्षात घ्या. आतून सुरू करायची वाट अडली होती आणि कानाची किंवा डोळ्याची दुसरी वाट कामी आली.

डावा पॅरायटल भाग दुखावला तर आणखी विचित्र प्रकार होतो. हातात जोर आहे, स्पर्श आहे, कात्री म्हणजे काय हे माहीत आहे, तरी कात्री हातात घेऊन माणूस गोंधळतो, उलटी धरतो, पान कात्रीवर दाबतो. घरच्यांना वाटतं वेड लागलं. याला अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात. आणि उजवा पॅरायटल भाग गेला तर बाई उजव्या हाताने झकास काम करेल, पण सुपाच्या डाव्या बाजूची पानं तशीच पडून राहतील. डोळे चांगले आहेत, पण डावी बाजू तिच्या जगातच नाही. अशा पेशंटच्या ताटात डावीकडचा भात शिल्लक राहतो आणि सून म्हणते ‘भात आवडेनासा झाला’. ताट अर्धं फिरवून द्या, तोच भात संपतो.

हिप्पोकॅम्पस गेला तर? विड्या उत्तम वळल्या जातील, मात्र सकाळी किती वळल्या ते सांगता येणार नाही. याचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा म्हणजे एच. एम. या नावाने ओळखला गेलेला अमेरिकेतला पेशंट, हेन्री मोलेसन. फिट थांबवण्यासाठी 1953 साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला. त्यानंतर त्याला नवीन आठवण टिकवता येईना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची रेघ गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, पण दर वेळी त्याचं म्हणणं एकच, की असलं काही मी आधी कधी केलेलं नाही. हाताला आठवत होतं आणि माणसाला आठवत नव्हतं. तेव्हा ‘हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवण’ या ओळीत निदान ‘कुठली आठवण’ एवढं तरी जोडून घ्या.

एकाच कामाच्या मागे चालल्यावर तुमच्या यादीतले बहुतेक भाग आपोआप भेटले, आणि भेटले तेही एकमेकांच्या शेजारी. हीच माझी शिकवण्याची पद्धत, दुसरी काही युक्ती माझ्याकडे नाही.

आता आरतीकडे येते.

‘आज्जी, चहा घेणार?’ या प्रश्नाला ‘हो, पण साखर कमी’ असं उत्तर द्यायचं तर काय काय लागतं? आवाज दोन्ही कानांतून दोन्ही बाजूंच्या टेंपोरल म्हणजे कानांजवळच्या भागांत जातो. शब्द ओळखणं, अर्थ लावणं मुख्यतः डावीकडे. विचारणाऱ्याचा सूर प्रेमाचा का वैतागलेला, यात उजवी बाजू मोठी. मग उत्तर जुळवायचं. याआधी याच क्रमाने कधी न बोललेले शब्द शोधायचे, त्यांना विभक्ती-प्रत्यय लावायचे, ओठ-जीभ-टाळूच्या हालचालींचा आराखडा करायचा, श्वासाशी मेळ घालायचा. आजीचं नेमकं इथे अडतं: नवीन वाक्य जुळवणं.

आरतीत काहीच नव्याने जुळवायचं नसतं. एका ओळीचं शेपूट दुसऱ्या ओळीला ओढून आणतं. लहानपणापासून म्हटलेली आरती विडीच्या क्रमासारखी आख्खी साठलेली असते आणि तिच्या मागे बेसल गँग्लिया, उजवी बाजू, असे डावीकडच्या दुखावलेल्या जागेवर फारसे न विसंबणारे रस्ते असतात. सूर आणि ताल आधार देतात, बाकीचे म्हणत असतात त्याचाही आधार मिळतो. आकडे ओळीने मोजणं, वारांची नावं, ‘अगंबाई’, ‘अरे देवा’, शिव्या, सगळं याच जातीचं. घरी एक करून बघा. आरती मधेच थांबवा आणि तिसऱ्या ओळीपासून सुरू करायला सांगा. बहुधा जमणार नाही, पहिल्यापासूनच म्हणावी लागेल. सोमवार-मंगळवार करत शनिवारपर्यंत जाईल, पण ‘आज कोणता वार?’ या प्रश्नाला उत्तर येणार नाही.

इथे एक घरगुती गैरसमज ठेचून काढायला हवा. ‘आरती म्हणता येते, मग पाणी मागायला काय झालं? मुद्दाम करते म्हातारी,’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता पहिल्याच भेटीत मी घरच्यांना हे सगळं समजावून टाकते. मुद्दाम काही नसतं. दोन्ही गोष्टी तोंडातूनच बाहेर पडतात, पण आतून निघतात वेगवेगळ्या जागांहून.

उलट्या बाजूची आशाही जपून धरा. आरती येते म्हणजे गात गात बोलणं परत येईल, असं सरळ गणित नाही. सुरात बोलायला शिकवायची एक पद्धत अमेरिकेत 1973 पासून आहे, मेलडिक इंटोनेशन थेरपी. मीही तिचा आपला एक अवतार वापरते, ‘पा-णी दे’ हे दोन सुरांत, डाव्या हाताने मांडीवर ताल धरून. काहींना छान उपयोग होतो, काहींना अजिबात नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात असं दिसलं की खरा आधार सुरापेक्षा तालाचा आणि शब्द आधीपासून तोंडी बसलेले असण्याचा असतो. माझा अनुभवही त्याच बाजूचा आहे. न गाता, नुसता ठेका धरूनही बऱ्याच जणांचं पहिलं अक्षर सुटतं.

आता तेलुगूचं. सोलापुरात काम करायचं म्हणजे हा प्रश्न रोज येतो. घरात तेलुगू, बाजारात मराठी, माहेर अक्कलकोटकडचं असेल तर कानडी. बोलणं गेल्यावर कुठली भाषा आधी परत येते? रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की सगळ्यात आधी शिकलेली. पित्र या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरने 1895 साली मांडलं की अटॅकच्या सुमारास सगळ्यात वापरात असलेली. दोघांच्याही बाजूने पेशंट सापडतात, आणि बऱ्याच जणांत सगळ्या भाषा बरोबरीने सुधारतात. एका भाषेसाठी मेंदूत एक खोली, दुसरीसाठी दुसरी, असं नसतं. भाषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि आत्ता कुठली बोलायची व कुठली दाबायची हे ठरवायला कपाळामागचा भाग आणि पुन्हा त्याच बेसल गँग्लिया लागतात. म्हणून काही पेशंट अटॅकनंतर मराठीत विचारलं तरी तेलुगूत उत्तर देतात आणि त्यांना ते कळतही नाही. तुमच्या आजीची तपासणी फक्त मराठीत झाली असेल तर ती अर्धीच झाली असं समजा. तेलुगू समजणारं घरातलं कोणीतरी सोबत नेऊन पुन्हा करून घ्या. ‘दवाखान्यात मराठीतच बोल’ असं तिला दटावू नका.

जोडणीचं महत्त्व पटवायला माझं एक आवडतं उदाहरण आहे. 1892 साली पॅरिसमध्येच देजेरीन या डॉक्टरने एका पेशंटची हकीकत छापली. माणूस सुशिक्षित. अटॅकनंतर तो बोलायचा नीट, समजायचं सगळं, लिहायचाही व्यवस्थित. फक्त वाचता येईना. स्वतः लिहिलेलं पत्रसुद्धा! पुढे मेंदू तपासल्यावर उलगडा झाला. मागचा डावा भाग गेल्यामुळे नजरेची उजवी बाजू बंद होती, म्हणजे अक्षरं दिसायची ती फक्त उजव्या मेंदूला. तिथून ती डावीकडच्या भाषेच्या जागेकडे जायची तर दोन्ही मेंदूंमधला पूल, कॉर्पस कॅलोसम, ओलांडावा लागतो. त्या पुलाचं मागचं टोकही खराब झालेलं होतं. बघणारा भाग जिवंत, भाषेचा भाग जिवंत, मधली वाट बंद. गंमत पुढेच आहे: तोच माणूस बोटाने अक्षर गिरवून ते ओळखू शकायचा, कारण हाताकडून जाणारी वाट वेगळी होती. या पुलात वीसेक कोटी तंतू असतात. त्यांना एखादं ‘काम’ नेमून द्यायचं झालं तर तुमच्या यादीत काय लिहाल?

आणखी एक गोष्ट ओझरती सांगते. एक जागा दुखावली की तिच्याशी जोडलेल्या दूरच्या, धडधाकट जागाही काही काळ मंदावतात. 1914 साली फॉन मोनाकोव्हने याला डायास्किसिस असं नाव दिलं. मोठ्या मेंदूच्या डाव्या बाजूला अटॅक आला की उजवा सेरेबेलम सुस्तावलेला स्कॅनवर दिसू शकतो. सुरुवातीच्या आठवड्यांतली काही सुधारणा अशा मंदावलेल्या जागा पुन्हा जाग्या झाल्यामुळे असते.

अभ्यास कसा करायचा याबद्दल आता थोडं. वही घ्या आणि आठवड्याला एकच काम. जिना उतरणं, फोनवर आवाज ओळखणं, रस्त्यावर अचानक बैल दिसल्यावर दचकणं. पानाच्या मधोमध काम, खबर कुठून आत येते, कुठे फुटते, कुठे परत जुळते, हुकूम कुठून बाहेर जातो हे बाणांनी काढा. मग एकेका बाणावर फुली मारून ‘आता काय होईल?’ हे स्वतःच्या शब्दांत लिहा आणि नंतरच पुस्तक उघडा. फुली जागेवर मारण्यापेक्षा बाणावर मारलेली जास्त शिकवते. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला गेलात तर नंदीध्वज पेलणाऱ्याच्या पावलांकडे आणि पोटऱ्यांकडे बघा. एवढा उंच ध्वज कमरेशी तोलून चालायचं म्हणजे कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव, डोळे, तळपाय आणि घोट्यांचे सांधे या तिघांची खबर सतत जुळवावी लागते, आणि ध्वज कलण्याच्या आधीच पाय सावरायला निघालेला असतो. त्याचं चित्र काढून बघा, दोन पानं लागतील.

हात लावून बघायचं असेल आणि घरी चालत असेल, तर मटणाच्या दुकानातून बोकडाचा आख्खा भेजा आणा. ताजा फार लिबलिबीत असतो, मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये काही दिवस बुडवून ठेवला की घट्ट होतो (विस्तवापासून लांब ठेवा). दोन्ही अर्धं हलकेच दूर केलं की मधला पांढरा पूल दिसतो, आणि आडवा काप घेतला की आतला पांढरा भाग किती आहे ते दिसतं. पांढरं म्हणजे सगळी जोडणीच. माणसाचा बघायचा तर आपल्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या अ‍ॅनाटॉमी विभागात कॉलेजमार्फत रीतसर पत्र देऊन विचारा. बेंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत मेंदूचं संग्रहालय आहे, तिथे खरा मेंदू हातात घेऊन बघू देतात. इथून उद्यान एक्स्प्रेस थेट जाते.

स्कॅनच्या रंगीत चित्रांबद्दल एक सावधगिरी बाळगा. एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदू काम करत असताना काढलेल्या स्कॅनमध्ये, लाल दिसणारी जागा म्हणजे ‘इथेच हे काम होतं’ असं नसतं. ते दोन स्थितींमधल्या रक्तपुरवठ्याच्या फरकाचं चित्र असतं, काही सेकंदांच्या उशिराने उमटलेलं. न रंगलेला मेंदू झोपलेला नसतो. ‘मी उजव्या मेंदूची, तू डाव्या मेंदूचा’ हे सोडून द्या, तुमच्या शिक्षकांनी सांगितलं असेल तरीही. आणि बोटांच्या ठशांवरून मुलाचा मेंदू वाचून देणारे, डोळ्यांना पट्टी बांधून ‘मिडब्रेन’ जागा करणारे आपल्याकडे फी घेऊन फिरतात. त्याला काडीचा आधार नाही. मिडब्रेन म्हणजे मेंदूच्या देठाचा वरचा भाग, तो तुमचा आत्ताही जागाच आहे, नाहीतर ही ओळ वाचताना डोळे सरकले नसते.

शेवटी आजीसाठी तीन गोष्टी या आठवड्यात बघा आणि इथेच लिहा. एक, हातात कप न दाखवता, खुणा न करता, सपाट आवाजात ‘खिडकीकडे बघ आणि मग डोळे मीट’ असं तेलुगूत सांगितलं तर ती दोन्ही करते का? कप दाखवून ‘चहा घेणार?’ विचारलं आणि तिने मान हलवली, यावरून तिला किती समजतं ते कळत नाही. कप, सूर आणि वेळ यांवरून कोणीही ओळखेल. दोन, तुम्ही म्हटलेला शब्द तिला तुमच्या मागून म्हणता येतो का? स्वतःहून येत नसेल पण मागून येत असेल, तर कुठली वाट शाबूत आहे याचा अंदाज लागतो. तीन, आणि हे पहिल्या दोन्हींपेक्षा तातडीचं: पाणी पिताना तिला ठसका लागतो का, प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरीत होतो का? तसं होत असेल तर बोलण्याचं सगळं बाजूला ठेवा. पाणी, दूध छातीत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, तेव्हा उद्याच दवाखान्यात नेऊन गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर तिला आडवं झोपवून काहीही पाजू नका.